आईच्या सरपंचपदाच्या प्रचाराची छपाई केली त्या रत्नागिरीतल्या प्रेसचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मैत्रिणीचे बाबा या वेळी उभे राहतायत, आणि तिने काल रात्री मेसेज करून विचारलं की तुम्ही काकूंची पत्रकं कुठे छापलेली, तिथे काम चांगलं करतात का. तिला व्हॉइस नोट पाठवायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली, तरी निम्मं राहिलंच. म्हटलं सगळं नीट लिहूनच काढते, घरातलं कुणी निवडणुकीला उभं असेल आणि धावपळ कॉलेजातल्या पोरीवर नाहीतर पोरावर येऊन पडली असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल. प्रेसचं नाव इथे लिहीत नाही कारण मी त्यांच्या चुकाही सांगणार आहे आणि माणसं चांगली आहेत. बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत आहे, खाली प्रेस वर प्रेसवाल्या काकांचं घर, एक ऑफसेट मशीन, एक फ्लेक्सचं, दोन कॉम्प्युटर आणि कागदाच्या रिमांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट.

आधी आमचं काय होतं ते सांगते. १८ डिसेंबर २०२२ च्या मतदानासाठी राज्यातल्या ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झालेली, त्यात आमची एक. सरपंच थेट लोकांमधून निवडायचा होता, म्हणजे ती पद्धत २०१७ ला आली, २०२० ला बंद केली आणि २०२२ ला परत आणली, त्यामुळे गावात प्रत्येकाला वाटत होतं की यंदा खरी मजा येणार. आमच्याकडे सरपंचपद सर्वसाधारण स्त्रीसाठी होतं. आई बरीच वर्षं बचत गटाचं बघते, बँकेची कामं, ग्रामसभेत उभं राहून बोलणं हे सगळं तिला जमतं, तर वाडीच्या बैठकीत तिचं नाव पुढे आलं आणि ती हो म्हणाली. मी तेव्हा एसवायला, रत्नागिरीत रूम करून राहायचे. बाबा आंब्याच्या मोहोराच्या फवारणीत अडकलेले, कारण डिसेंबरात बागेकडे पाठ फिरवली तर मे महिन्यात हातात काही येत नाही, दादा मुंबईला नोकरीत. त्यामुळे लिहायचं, छापून घ्यायचं, फॉर्म भरायचे हे सगळं माझ्याकडे आलं आणि खरं सांगते मला ते मनापासून हवं होतं.

अडचण काय असते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मुक्त चिन्हातलं एक मिळतं, आणि ते मिळतं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. आमच्या वेळी ती तारीख ७ डिसेंबर होती, दत्त जयंतीचा दिवस. म्हणजे ७ तारखेला दुपारनंतर चिन्ह हातात आणि १८ ला मतदान, मधल्या दिवसांत सगळं छापून वाडीवाडीवर पोचवायचं. आणि हे एकट्या आपल्याला नाही, अख्ख्या तालुक्यातल्या सगळ्या उमेदवारांना त्याच दिवशी चिन्ह मिळतं आणि सगळे त्याच संध्याकाळी प्रेसच्या दारात उभे असतात. मी आधी दोन ठिकाणी विचारलेलं, एका ठिकाणी पाच हजार कॉपीच्या खाली हात लावणार नाही म्हणाले. इथे काकांनी विचारलं गावात घरं किती, मी म्हटलं साडेचारशे-पाचशे, तर म्हणाले मग हजार बास, घरात एक आणि बाकी एसटी थांब्यावर, किराणा दुकानात, जास्त छापून रद्दी करू नकोस बाय. धंदा कमी होत असताना हे सांगणारा माणूस मला तिथेच आवडला.

आईला कपबशी मिळाली. मी तहसील कार्यालयातून निघता निघता मोबाईलवर कपबशीचं एक छान चित्र शोधून ठेवलं, वाफा येतायत, कपाला सोनेरी काठ. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून फोन डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "ह्याला बशी कुठाय? आणि असली तरी हे नाही चालायचं. मतदानाच्या मशीनवर आयोगाचं जे चित्र असतं तेच पत्रकावर पाहिजे. आजीने दहा दिवस वाफेची कपबशी बघितली आणि मशीनवर साधी दिसली तर तिचा हात थांबतो." मला परत पाठवलं त्यांनी, चिन्हांच्या यादीतल्या कपबशीचा सरळ वरून फोटो काढून आण म्हणाले. कार्यालय बंद व्हायच्या आत मी धावत जाऊन आले. तेव्हा वैताग आलेला, पण मतदानाच्या दिवशी आमच्या खालच्या वाडीतल्या एक आजी केंद्रातून बाहेर येऊन म्हणाल्या, "तशीच होती गो, कागदावरच्यासारखी", तेव्हा त्या फेरीचं सार्थक झालं.

मजकुराचं पण तसंच. आमच्या पॅनेलच्या, म्हणजे आईबरोबर एकत्र उभ्या असलेल्या मंडळींनी अकरा आश्वासनं लिहून दिलेली, क्रीडांगणापासून वायफायपर्यंत. काका म्हणाले ए-फाइव्ह कागदावर अकरा मुद्दे टाकले तर अक्षर मुंगीएवढं होईल, वाचणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. आई तिथल्या स्टुलावर बसून पेनाने एकेक खोडत गेली आणि चार राहिले: खालच्या वाडीचा साकव, शाळेकडच्या पाखाडीच्या सुटलेल्या पायऱ्या, एप्रिल-मे महिन्यात नळाला येणारं पाणी आणि ग्रामसभेचा हिशोब फळ्यावर लावणं. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात हे तिला लिहायचंच होतं. ऑपरेटर मुलगा कोल्हापूरकडचा, त्याने "पाखाडी" हे टायपिंग चुकलंय समजून "पायवाट" करून टाकलेलं. आईने प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रिंट, वाचताना तिथेच बोट ठेवलं. पायवाट कुठेही असते, पाखाडी म्हणजे आमच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या, जिथून पावसाळ्यात पोरं घसरतात, शब्द बदलला तर आमच्या माणसाला ते आपलं वाटणारच नाही. त्याने लगेच बदललं, वर विचारून घेतलं की साकव म्हणजे काय. ओढ्यावरचा लहान पूल, माणसं जाण्यापुरता, असं आईने त्याला हाताने दाखवून सांगितलं.

प्रूफवरून आठवलं, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नीट वाचा. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आणि प्रेसमध्ये जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये काम चालतं, तर ते कन्व्हर्ट करताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं तुटतात. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये "कार्यकर्ते" आणि "सर्वांगीण" दोन्ही मोडलेले. मी मराठीच्या पेपराला जेवढ्या लक्षपूर्वक बसले नसेन तेवढी त्या प्रूफवर बसले, तीन वेळा काढायला लावलं, आणि तिसऱ्या वेळेलाही त्या मुलाने चेहरा वाकडा केला नाही. रात्रीचे पावणेदहा वाजलेले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय ती सांगते. पॅनेलच्या मंडळींनी पत्रकाचा जो कच्चा नमुना दिलेला त्यात वर आजोबांचा फोटो, त्याखाली बाबांचा, मग आईचा, आणि नाव लिहिताना पण "अमक्यांच्या सूनबाई" हे मोठं आणि आईचं नाव त्याखाली बारीक. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. गावात तिला तसंच ओळखतात, कुणाची वहिनी, कुणाची काकी, आणि बहुतेकांना तात्यांची, म्हणजे आजोबांची सून. तिचं कागदावरचं नाव लग्नात बदललेलं आहे, माहेरची माणसं तिला आजही जुन्याच नावाने हाक मारतात आणि सासरचं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नाहीच, बाबा पण "अगो" म्हणतात. म्हणजे रेशनकार्डावर, आधारवर आणि मतदार यादीत जे नाव आहे त्या नावाने तिला जगात कुणीच बोलवत नाही.

काकांनी तो नमुना बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "वहिनी, अर्जावर काय नाव लावलंय?" तिने सांगितलं. मग म्हणाले, "मशीनवर तेच येणार. माणूस आत उभा राहून तात्यांची सून शोधेल आणि त्याला ती सापडणार नाही. तेव्हा हे नाव सगळ्यात मोठं, कपबशीच्या बरोबरीने, बाकी सगळं लहान." आणि ऑपरेटरला म्हणाले साठ पॉइंटात घे, बोल्ड.

ते पान प्रिंटरमधून बाहेर आलं आणि आईने दोन्ही हातांनी घेतलं. शाई पुरती वाळायच्या आत तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि काना-मात्रेवरून हळूहळू फिरवत शेवटपर्यंत नेलं, बोटाला शाई लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला म्हणाली, "माझं हे नाव असं कधीच कुठे छापलेलं नाही. लग्नपत्रिकेत छापलेलं, पण ते माहेरचं होतं." मी काही बोलू शकले नाही. तिच्या पोटची पोर मी, वीस वर्षं घरात आहे, माझ्या प्रत्येक फॉर्मवर आईचं नाव म्हणून ते मी लिहिलंय, आणि ते तिला इतकं परकं आहे हे मला त्या प्रेसमध्ये कळलं. काकांनी काही न बोलता दुसरी प्रिंट काढली आणि पहिली तिच्याकडेच राहू दिली.

बाकीची कामं पटापट सांगते. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि किती प्रती छापल्या तो आकडा टाकायचा असतो, मी आठवण न करून देता काकांनी स्वतःच टाकला आणि प्रकाशकाचं घोषणापत्र ओळखीच्या दोघांच्या सह्या घेऊन मागून घेतलं, ते मिळेपर्यंत मशीन सुरू केलं नाही. नमुना मतपत्रिका दोन हजार छापल्या, त्यात फक्त आमची नावं, चिन्हं, अनुक्रमांक, बाकीच्या ओळी रिकाम्या. ही गोष्ट पत्रकापेक्षा जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत. आमच्या प्रभागात सदस्यांच्या तीन जागा आणि सरपंच वेगळा, म्हणजे एका मतदाराने चार बटणं दाबायची, आणि वयस्कर माणसं एक दाबून बाहेर यायला निघतात. आम्ही घरोघरी ती मतपत्रिका ओटीवर ठेवून समजावून सांगितली, हे पहिलं, हे दुसरं, चौथं दाबलं की मग निघायचं.

मुंबईकरांसाठी वेगळं पत्र काढलं, अडीचशे प्रती आणि पीडीएफ. यादीत नाव गावचं आणि राहायला विरार, नालासोपारा, दिवा, भांडुप अशी आमच्याकडे दर घरात दोन-तीन माणसं आहेत, त्यांनी ठरवलं तर निकाल फिरतो. पॅनेलमधल्या एकाने पत्रात ओळ घातलेली की येण्याजाण्याच्या गाडीची सोय केली आहे. काकांनी ते वाचून पेन खाली ठेवलं. मतदारांना गाडीने आणणं हा गुन्हा आहे आणि तुम्ही तो स्वतःच्या नावानिशी छापून देताय, मी हे छापणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. ती ओळ गेली आणि त्या जागी मतदानाची वेळ आली, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. मतदान रविवारी होतं, तर शनिवारी रात्री लोक आपापल्या पैशाने तुतारी एक्सप्रेसने, एसटीने, मिळेल त्याने आले. पहाटे वाडीत एकेका घरात दिवे लागत होते ते मी पाखाडीवर उभी राहून बघत होते.

आता तक्रारी. पत्रकावर आईची साडी अबोली रंगाची होती ती छापून विटकरी आली. स्क्रीनवर दिसतो तो रंग कागदावर येत नाही हे मला माहीत नव्हतं, पण त्यांना माहीत होतं, त्यांनी रंगीत प्रूफ काढून दाखवायला हवं होतं आणि त्यांनी फक्त काळंपांढरं दाखवलं. हजार कॉपी तशाच गेल्या. दुसरं, प्रभाग तीनच्या बॅनरवर प्रभाग दोनच्या उमेदवारांची नावं छापली, ती चूक पूर्णपणे त्यांची, आमच्या कागदावर बरोबर होतं. तो बॅनर गावात जाऊन उलगडल्यावर कळलं, म्हणजे माझी चाळीस किलोमीटरची फेरी आणि एका उमेदवाराच्या घरी झालेली नाराजी. काकांनी वाद घातला नाही, रात्रीच दुसरा छापून सकाळच्या पहिल्या एसटीच्या वेळेला स्वतः स्टँडवर आणून दिला, पैसे घेतले नाहीत. तरी त्या एका दिवसाचं नुकसान आम्हालाच झालं. तिसरं म्हणजे त्या आठवड्यात फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागतं, आणि पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स दिल्याशिवाय फाइल उघडत नाहीत. आणि फ्लेक्सबद्दल, समुद्राकडच्या वाडीत वाऱ्याने दोन बॅनर दुसऱ्या दिवशी फाटले, तिथे कापडी घ्या. कापडीचं त्यांच्याकडे होत नाही, ही मोठी उणीव आहे, फाटलेला फ्लेक्स नंतर खाडीत जाऊन पडतो आणि तसाच राहतो, आम्ही आमचे सगळे उतरवून घरी आणले पण सगळे आणत नाहीत.

पैसे: हजार पत्रकं, दोन हजार नमुना मतपत्रिका, अडीचशे पत्रं आणि आठ लहान बॅनर मिळून आठ हजार चाळीस झाले, टॅक्स वेगळा. तेव्हाचे दर आहेत, आता वाढले असतील. आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची, तिथे सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५० हजार होती, तर छपाई आटोक्यात राहिली म्हणून बाकीचं जमलं. आईने रोजचा खर्च बचत गटाच्या वहीसारखा लिहिला, चहाच्या बिलासकट.

मध्ये मार्गशीर्षातले दोन गुरुवार आले, ८ आणि १५ तारखेला. घरोघरी हळदीकुंकू, सगळ्या बायका एका जागी, आणि पॅनेलचे सगळे म्हणत होते तिथे पत्रकं वाटा. आई गेली, पण पिशवी घरी ठेवून गेली, म्हणाली देवीच्या समोर मी मत मागणार नाही. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता पटतं.

२० तारखेला मोजणी झाली. आई तेवीस मतांनी पडली. तहसीलच्या आवारात दुसऱ्या पॅनेलचा गुलाल उडत होता आणि आम्ही सातआठ जण कडेने चालत बाहेर आलो, आई सगळ्यांत पुढे. तिने जाऊन निवडून आलेल्या ताईंना नमस्कार केला आणि साकवाचं तेवढं लवकर बघा म्हणाली.

प्रेसला मी परत गेले ती दोन दिवसांनी, पक्क्या बिलासाठी. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, जिंकलेल्यांनी पण आणि हरलेल्यांनी पण, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात, आणि हरलेली माणसं नेमकी इथेच कंटाळा करतात. मला वाटलेलं आता कोण विचारतंय, पण काकांनी आधीच बिल करून ठेवलेलं, प्रत्येक कामाची वेगळी ओळ, तारीख, प्रतींचा आकडा, आणि ती चुकलेल्या बॅनरची ओळ शून्य रुपये लिहून. म्हणाले हिशोब वेळेत दे, वहिनींना परत उभं राहायचं असेल. मग आत जाऊन ज्यावरून पत्रक छापलं ती अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घेऊन आले. एरवी प्लेटा भंगारात देतात. मला वाटायचं प्लेटवर अक्षरं उलटी असतील, पण ऑफसेटच्या प्लेटवर ती सुलटी असतात, मधल्या रबरी ब्लँकेटवर उलटी होतात आणि कागदावर परत सुलटी. आईचं नाव सरळ वाचता येत होतं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, कडा लागतात म्हणाले, बसमध्ये जपून धर. ती प्लेट आता घरी बचत गटाच्या वह्यांच्या कपाटात उभी आहे.

तर मैत्रिणीला आणि सगळ्यांनाच, जा इथे. एक स्टार रंगीत प्रूफ आणि त्या बॅनरसाठी कापलाय. चिन्ह मिळेल त्या दिवशी संध्याकाळच्या आत पोच, नंतर रांग लागते. यादीतल्या चिन्हाचा फोटो काढून ने, मजकूर कागदावर पण लिहून ने, रंगीत प्रूफ मागून घे, बॅनर दुकानातच उलगडून वाच. आणि प्रूफ बघायला बाबांना बरोबर घेऊन जा.